घेरी, फेफरं आणि एक ईसीजी

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा विषय ठरवूनच केला होता. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि आपली मुलं.' मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणून हे माझ्याकडे आलं. मी म्हटलं, त्यावर बोलणारे गल्लोगल्ली आहेत. मला तीच वीस मिनिटं द्या, पण मी घेरी येण्याबद्दल बोलते. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग म्हणाले, "तब्येत बरी आहे ना?"

बरी आहे. रोज दोन वेळा गोळी घेते, आणि बरी आहे. हे भाषण डॉक्टरनं करायला हवं हे मला कळतं. पण माझ्या आईचं माहेर वाळूजचंच आहे, आणि आपल्या वर्गात, आपल्या शाळेत आईच्या भावकीतली किती मुलं होती हे तुम्हाला माहीत आहे. आजही या मांडवात काही जण बसले आहेत. मला जो आजार आहे तो रक्ताच्या नात्यानं येतो. म्हणून डॉक्टरपेक्षा मी बोलणं बरं.

आजाराचं नाव लाँग क्यूटी सिंड्रोम. नाव अवघड आहे, गोष्ट तेवढी अवघड नाही. हृदय हा पंप आहे हे आपण सातवीत शिकलो. तो विजेवर चालतो हे आपण फारसं लक्षात ठेवलं नाही. प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या पेशींत सोडियम, कॅल्शियम आत जातं, पोटॅशियम बाहेर येतं, आणि पेशी पुढच्या ठोक्यासाठी परत तयार होते. मोबाइल चार्ज होतो तसं समजा, फक्त मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. हे क्षार ज्या सूक्ष्म दारांतून आतबाहेर करतात त्यातलं एखादं दार जन्मतःच नीट उघडत नसेल, तर तयार व्हायला वेळ जास्त लागतो. ईसीजीच्या पट्टीवर हा वेळ क्यू या खुणेपासून टी ही टेकडी संपेपर्यंत मोजतात. म्हणून क्यूटी, आणि तो लांबलेला म्हणून लाँग.

एरवी काही होत नाही. माणूस धडधाकट असतो, हृदयाची सोनोग्राफी केली तर स्वच्छ येते. पण पेशी अर्धवट तयार असताना नेमका पुढचा ठोका आदळला, तर खालचे कप्पे बेताल होऊन मिनिटाला दोनशेच्या वर नुसते थरथरतात. त्या थरथरीला देसेर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली नाव दिलं, 'तोर्साद द प्वाँत', म्हणजे टोकांचा पीळ. पट्टीवर ती खरंच सुंभाच्या पिळासारखी दिसते. तेवढा वेळ मेंदूला रक्त जात नाही. माणूस कोसळतो, हातपाय झाडतो, डोळे फिरवतो. बहुतेक वेळा पीळ आपोआप सुटतो आणि माणूस मिनिटाभरात उठून बसतो. कधी सुटत नाही.

आता हातपाय झाडले, डोळे फिरवले, की आपल्याकडे काय म्हणतात? फेफरं. मग कांदा फोडायचा, चप्पल हुंगवायची, आणि जरा शिकलेलं घर असेल तर मेंदूच्या डॉक्टरकडे न्यायचं. फिटच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू राहतात. हा गोंधळ फक्त आपल्या खेड्यातला नाही, जगभर होतो. फरक ओळखायला थोडा कान देऊन ऐकावं लागतं. खऱ्या फिटनंतर माणूस बराच वेळ गोंधळलेला असतो, झोपून जातो. हृदयाच्या घेरीतून उठलेला माणूस पांढराफटक असतो, पण लवकर शुद्धीवर येतो आणि "काय झालं?" असं नीट विचारतो. तिसरी असते ती साधी चक्कर. प्रार्थनेला उन्हात उभं राहून मुली पडायच्या ना आपल्या, ती. तिच्यात आधी डोळ्यांपुढे अंधारी येते, घाम सुटतो, मळमळतं, सांगायला वेळ मिळतो. तिला फार घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते धावता धावता मधेच पडलेल्या मुलाला, पोहताना अचानक गप्प झालेल्या मुलाला, आणि मोठा आवाज झाल्याबरोबर कोसळलेल्या मुलीला. कुठे पडली यापेक्षा कशानं पडली हे विचारा.

या आजाराचे बरेच प्रकार आहेत, त्यातले तीन मुख्य. पहिल्यात धावणं आणि पोहणं घातक. दुसऱ्यात अचानक झालेला आवाज आणि दचकणं. तिसऱ्यात झोप. माझा दुसरा. त्याच्या जीनचं नाव केसीएनएच२, पण सगळे त्याला हर्ग म्हणतात. फळमाशीत हा जीन आधी सापडला. ज्या माशांत तो बिघडलेला होता, त्यांना ईथर दिल्यावर पाय थरथरायचे, जणू गो-गो नाच चाललाय, म्हणून शास्त्रज्ञांनी त्याचं नाव 'ईथर-ए-गो-गो' ठेवलं आणि माणसातल्या भावंडाला हर्ग. ज्या गोष्टीनं माझ्या मावशीचा जीव गेला तिचं नाव कुणीतरी गमतीत ठेवलेलं आहे, याचं मला आधी वाईट वाटलं होतं. आता नाही वाटत. आम्ही पण आमच्या प्रोग्रामना असलीच नावं ठेवतो.

हर्ग आणि या आजाराचा संबंध कळला १९९५ साली. पहिल्या प्रकाराचा जीन सापडला १९९६ मध्ये, आपण दहावीला बसलो त्या वर्षी. मावशी गेली त्याच्या सात वर्षं आधी. त्यामुळे तेव्हाच्या डॉक्टरांना कुणी बोल लावू नये असं मी आईला नेहमी सांगते.

मावशी बाळंत होऊन दीड महिना झाला होता. पहाटे बाळ एकदम किंचाळून रडलं, ती दचकून उठली आणि तशीच मागे पडली. लोकांनी बाळंतवात म्हटलं, काहींनी बाहेरचं म्हटलं. तिला मुलगी असतानाही शाळेची घंटा झाली की घेरी यायची, हे आजी सांगायची, पण ते 'भित्री आहे' एवढ्यावर संपायचं. आज माहीत आहे की दुसऱ्या प्रकारच्या बायकांना बाळंतपणानंतरचे महिने गरोदरपणापेक्षाही जास्त धोक्याचे असतात. जागरण, दचकणं, शरीरातले बदल, सगळं एकदम येतं. ज्यांचं निदान झालंय त्यांची गोळी बाळंतपणात आणि अंगावर पाजतानाही डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू ठेवतात.

माझं निदान २०१६ साली झालं. आमच्या कामात ऑन-कॉल नावाचा प्रकार असतो. आठवड्यातून काही रात्री सर्व्हर तुमच्या उशाशी झोपतो म्हणा ना. बिघाड झाला की फोन कर्कश ओरडतो. पहाटे तीनला तो ओरडला, मी उठून बसले आणि पडले. नवऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं, आणि मुख्य म्हणजे नीट पाहिलं. किती वेळ, रंग कसा होता, शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य काय बोलले, हे त्यानं सकाळी लिहून काढलं. सगळ्या तपासण्यांपेक्षा तो कागद जास्त उपयोगी पडला असं नंतर डॉक्टर म्हणाले.

पहिल्या ठिकाणी ईसीजी काढला. वर मशीननं छापलं होतं, 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम'. कामाचा ताण म्हणून सांगितलं आणि झोपेची गोळी दिली. ते छापलेलं वाक्य खोटं नव्हतं बरं का. ताल नॉर्मलच होता. पण 'नॉर्मल' शब्द दिसला की पुढचं कुणी वाचत नाही. दुसऱ्या डॉक्टरांनी तीच पट्टी घेतली, चष्मा लावला आणि पेन्सिलीनं चौकोन मोजले.

हे मी तुम्हाला करून दाखवते, कारण आठवीच्या गणितात बसणारं आहे. ईसीजीचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. म्हणजे एक बारका चौकोन ४० मिलिसेकंद. माझ्या पट्टीत क्यूपासून टी संपेपर्यंत ११ चौकोन होते, म्हणजे ४४०. पण ठोके जलद पडत असले की हा वेळ आपोआप कमी होतो, म्हणून तो दुरुस्त करावा लागतो. त्याचं सूत्र बॅझेट यांनी १९२० साली दिलं. दोन ठोक्यांमधलं अंतर सेकंदात घ्या, त्याचं वर्गमूळ काढा, आणि त्यानं क्यूटीला भागा. माझं अंतर २० चौकोन, म्हणजे ०.८ सेकंद. वर्गमूळ ०.८९४. चारशे चाळीस भागिले ते, उत्तर ४९२. साधारण पुरुषांत ४५० आणि बायकांत ४६० पर्यंत ठीक समजतात. ४८० च्या पुढे पुन्हापुन्हा आला तर डॉक्टर सावध होतात, ५०० च्या पुढे धोका चांगलाच वाढतो. गणिताच्या सरांनी वर्गमूळ हातानं काढायला लावलं होतं तेव्हा मी मनात काय म्हटलं होतं ते इथे सांगत नाही. सर समोर बसलेत.

मग आडवं झोपवून एकदम उभं केलं आणि पुन्हा पट्टी काढली, चोवीस तासांचं होल्टर लावलं, आणि शेवटी रक्त देऊन जीनची तपासणी. हर्गमध्ये एका अक्षराचा बदल निघाला. आम्ही लाखो ओळींच्या कोडमध्ये एक अक्षर शोधत रात्री घालवतो, त्यामुळे मला ते समजायला काहीच अवघड गेलं नाही. एक गोष्ट मात्र सांगते. घरातल्या एकाचा बदल सापडला की बाकीच्यांना सगळी तपासणी लागत नाही. नेमकं तेच एक ठिकाण पाहायचं असतं, आणि खर्च बराच कमी होतो. दुसरं, प्रत्येक वेळी इतकं सरळ उत्तर येत नाही. काही बदलांचा अर्थच लावता येत नाही, विशेषतः आपल्या लोकांच्या जनुकांची नोंद जगात कमी असल्यामुळे. तेव्हा तपासणीआधी समजावून सांगणारा जनुकीय सल्लागार असावा. नुसता रिपोर्ट हातात घेऊन रडत बसण्यात अर्थ नाही.

आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडे बदल असेल तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. नाणं उडवल्यासारखं, दर मुलाला वेगळं. पिढी सोडून जात नाही, पण पिढी सोडून *दिसतो* मात्र, कारण बदल असलेल्या साधारण चौथ्या हिश्श्यातल्या लोकांचा ईसीजी साफ नॉर्मल येतो. माझ्या आईचा तसाच होता. सत्तरीला आलेली बाई, कधी चक्कर नाही, आणि तिच्याकडूनच मला आलाय. हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. मी तिला म्हटलं, तुझ्याकडून नाकही आलंय, त्याचं काय करू?

आता आपल्या भागाचा प्रश्न. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे, आपल्या वर्गातच चार-पाच जोड्या तशा आहेत. त्यांना दोष देत नाही. पण या आजाराचा एक फार दुर्मीळ आणि फार वाईट प्रकार आहे. त्यात दोन्ही बाजूंनी बिघडलेला जीन येतो, मूल जन्मतः बहिरं असतं आणि क्यूटी खूपच लांबलेला असतो. १९५७ साली नॉर्वेत येर्वेल आणि लांगे-नील्सन या डॉक्टरांनी एका घराची हकीगत छापली. सहा मुलं, त्यातली चार बहिरी आणि घेरी येणारी, आणि त्यातली तीन लहानपणीच अचानक गेली. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८५६ मध्ये, जर्मनीतल्या लाइपझिगला मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेतल्या एका मुलीची नोंद आहे. काही खोडी केली म्हणून तिला सगळ्यांसमोर रागावायला उभं केलं, आणि ती तिथेच कोसळून गेली. आईवडिलांना कळवलं तर त्यांना आश्चर्य वाटलं नाही. त्यांची आणखी दोन मुलं अशीच गेली होती, एक दचकून, एक रागाच्या भरात. बाई, तुम्ही इतकी वर्षं शिकवलंत, तुम्हाला ही गोष्ट ऐकून काय वाटलं असेल मला माहीत आहे. जन्मतः बहिऱ्या मुलाचा एकदा ईसीजी काढणं, एवढीच गोष्ट आहे. कॉक्लियर इम्प्लांट करताना तो काढतातच. पण ज्यांना इम्प्लांट होत नाही त्यांचाही काढावा.

हा आजार फार विरळा आहे असंही नाही. इटलीत सुमारे ४४ हजार नवजात बाळांचे ईसीजी काढले, त्यावरून २००९ साली अंदाज आला की दोन हजारांत एक. आता आपल्या शाळेतून आजवर किती मुलं बाहेर पडली याचा हिशेब मुख्याध्यापकांनी करावा.

आजार बरा होत नाही, पण चांगला आवरता येतो. बीटा ब्लॉकर नावाच्या जुन्या, स्वस्त गोळ्या आहेत, प्रोप्रॅनोलॉल, नॅडोलॉल. त्या हृदयाला दचकू देत नाहीत. त्या चुकवायच्या नाहीत. उपासालाही नाहीत, लग्नघरीही नाहीत. दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचं. ज्यांना गोळी असूनही घेरी येते त्यांच्या छातीत झटका देणारं यंत्र, आयसीडी, बसवतात. मावशीच्या मुलीला बसवलंय. हो, तीच बाळ. माझ्या रिपोर्टनंतर तिची तपासणी झाली. तिची धाकटी आता सहा वर्षांची आहे, तिच्याकडे बदल आलेला नाही. नाणं दुसऱ्या बाजूवर पडलं.

गोळ्या घेण्याइतकंच काही गोळ्या *न* घेणंही महत्त्वाचं आहे, आणि इथे मला आपल्या बजाजनगरच्या मेडिकलवाल्यांशी भांडायचंय. मळमळतंय, द्या डॉमपेरिडोन. उलटी होते, द्या ओन्डान्सेट्रॉन. घसा दुखतो, द्या ॲझिथ्रोमायसिन. जुलाब, द्या ऑफ्लोक्सासिन. बुरशी, द्या फ्लुकोनॅझोल. यातलं प्रत्येक औषध आपल्या जागी चांगलं आहे, करोडो लोक घेतात, त्यांना काही होत नाही. पण ही सगळी कमीअधिक प्रमाणात क्यूटी लांबवतात, बहुतेक त्याच हर्गच्या दारात बोट घालून. सिसाप्राइड नावाचं पोटाचं औषध अमेरिकेत २००० साली याच कारणानं बाजारातून काढावं लागलं. माझ्या पर्समध्ये टाळायच्या औषधांची यादी असते आणि मी ती डेंटिस्टलाही दाखवते. त्यात जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, आणि दुसऱ्या प्रकाराला ते अजिबात चालत नाही. मे महिन्यात आपल्याकडे काय होतं ते सांगायला नको. तेव्हा नुसतं मीठ-साखर-पाणी नाही, ओआरएसचं पाकीट, कारण त्यात पोटॅशियम असतं. नारळपाण्यातही असतं.

बाकी माझ्या घरात फार फरक पडला नाही. दाराची बेल काढून टाकली. गजर हातावरच्या घड्याळात, नुसता थरथरणारा. रात्रीचा ऑन-कॉल मी सोडला. त्या वेळी मॅनेजरला लेखी कारण द्यावं लागलं आणि त्यावर कुजबुजही झाली, झाली तर झाली. विम्याबद्दल विचारतात लोक. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे एक दावा आला होता, तोही हृदयाच्या आनुवंशिक आजाराचाच. त्याच वर्षी विमा नियामकानं कंपन्यांना सांगितलं की नव्या आरोग्य विम्यात आनुवंशिक आजार सरसकट वगळू नका. तेव्हा लपवू नका, सांगून घ्या.

लपवण्यावरून आमच्या घरात जे चाललंय तेही सांगते. आईनं परवानगी दिली आहे. माझ्या मामांनी स्वतःचा ईसीजी काढला. मुलांचा काढू दिला नाही. त्यांची नात लग्नाची आहे, स्थळं येत आहेत. मामा मला म्हणाले, "तू शिकलीस, तुझं लग्न झालं, आता आमच्या पोरीच्या वाटेत येऊ नको." त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. आपल्या समाजात पोरीला एकदा 'घेरी येते' म्हटलं की काय होतं हे मी बघितलंय. पण ती पोर उद्या बाळंत होईल, आणि मावशीचं झालं ते मला आठवतं. मी मामांना एवढंच म्हटलं की तपासणीत 'नाही' येण्याचीही शक्यता आहे, आणि 'नाही' आलं तर तिच्या मुलांनाही तो कधीच येणार नाही. ते काही बोलले नाहीत. चहा घेऊन गेले. आज मेळाव्याला येतो म्हणाले होते, मला अजून दिसले नाहीत.

शेवटी कामाचं. कुणी समोर कोसळलं, हाक मारून हलत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा शोधू नका. एकानं १०८ लावायचा, दुसऱ्यानं छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून दाबायचं, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस. २०२१ च्या जूनमध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा एरिक्सन भर सामन्यात मैदानात पडला, तो या दाबण्यानं आणि झटक्याच्या यंत्रानं वाचला, छातीत यंत्र बसवून पुन्हा खेळायलाही लागला. वाळूजच्या कारखान्यांत आपले निम्मे वर्गमित्र आहेत. तुमच्या गेटवर ते झटक्याचं यंत्र, एईडी, आहे का आणि त्याची बॅटरी जिवंत आहे का, सोमवारी बघा. क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे की धावताना पडलेल्या मुलांची नोंद एका वहीत ठेवावी, तारीख आणि कशानं पडलं ते.

आणि आज दुपारी जेवणानंतर पाचपर्यंत सातवी 'ब'च्या वर्गात ईसीजीची सोय आहे. बायकांसाठी पडदा आणि महिला तंत्रज्ञ आहेत. उपाशी यायची गरज नाही. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं असतील तर आणा. आपल्याच शाळेची, आपल्या दोन वर्षं पुढची एक हृदयरोगतज्ज्ञ सगळ्या पट्ट्या हातानं मोजणार आहे आणि आठवडाभरात बंद पाकिटात कळवणार आहे. पाकिटावर फक्त नंबर असेल, नाव नाही. मुलांचं पाकीट फक्त आईवडिलांच्या हातात. ज्यांच्या घरी कुणी तरणंताठं माणूस कारण न कळता गेलंय, विहिरीत पोहता येत असून बुडालंय, किंवा फिटच्या गोळ्या खाऊनही ज्यांना गुण नाही, त्यांनी आधी या. आईच्या भावकीतल्यांना रांग नाही. ते माझ्या नंबरानं थेट आत जातील.